सुष्मीचा तांब्या

शिवगंगाकाकूंचं आणि आमचं घर एका भिंतीचं. सकाळी त्यांच्याकडं भाकऱ्या थापायला लागल्या की आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आई म्हणायची, "उठा आता, काकूंचं काम सुरू झालं." ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी करून त्या विकायच्या. माहेर नेसरीकडचं, त्यामुळं घरात निम्मं कानडी. मराठी बोलायच्या ती मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आणि बोलायला त्यांना माणूसच लागायचं असं नव्हतं. तव्याला, शेगडीला, दाराच्या कडीलासुद्धा त्या अरे-तुरे करायच्या. "का रे, आज का रुसलास? ताप की जरा!" असं कानावर आलं की समजायचं, तव्याची समजूत घालणं चाललंय.

त्यांचे मालक बसाप्पाकाका अगदी उलटे. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान. गिऱ्हाइकानं साखर मागितली तर साखर द्यायची, त्यावर एक शब्द जास्त नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी.

या दोघांना एकच मुलगी, सुष्मिता. माझ्याहून वर्षानं लहान. बी.कॉम. होऊन मार्केट यार्डात एका गुळाच्या पेढीवर कॉम्प्युटरवर बसायची. संध्याकाळी घरी आली की आधी आमच्या खिडकीवर टकटक करायची, "पूर्णे, चहा टाकलाईस का?" तिचा आवाज आईवर गेला होता आणि कंजूष बोलणं बापावर, असं आम्ही म्हणायचो, म्हणजे चार शब्दच बोलणार, पण ओरडून.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा जयसिंगपूरचा, सोमशेखर, घरचं कापडाचं दुकान. साखरपुडा झाला आणि काकू भांडी घ्यायला निघाल्या. मीही बरोबर होते. महाद्वार रोडवरच्या दुकानात स्टीलचे चकचकीत सेट मांडलेले असताना काकू म्हणाल्या, "आमास्नी पितळी दाखवा."

"अव्वा, तितं कोण घासणार ती?" सुष्मी म्हणाली.

"तू घास. न्हायतर ठेव माळ्यावर. पर माझ्या लेकीला मी पत्र्याचे डबे देणार न्हाय."

घागर, परात, कळशी, दोन पातेली, समई आणि एक जाड बुडाचा तांब्या घेतला. दुकानातल्या माणसानं भांड्यांवर नाव घालायला घेतलं आणि पहिल्याच भांड्यावर, म्हणजे तांब्यावर, 'सुस्मिता' असं घालून ठेवलं. सुष्मीनं तो हातात घेतला, वाचला आणि म्हणाली, "ही कोण बया?" त्या माणसानं ओशाळून त्या 'स'चा 'ष' करायचा प्रयत्न केला, त्यानं अक्षर जास्तच बिघडलं. दुसरा देतो म्हणाला. सुष्मी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ह्योच पाहिजे. चोरीला गेला तर वळखू यील." दुकानातले सगळे हसले. काकू मात्र रागावल्या होत्या, रिक्षात बसेपर्यंत.

लग्न दिवाळीनंतर करायचं होतं. श्रावणात सुष्मीला ताप आला. दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या गोळ्यांवर घरीच होती. तोंडाला चव नव्हती, पाणी पाजलं तर उलटी व्हायची. तेव्हा ती काकूंना म्हणाली, "अव्वा, माझ्या तांब्यातनं दे. तुमच्या स्टीलला वास येतोय." काकूंनी पलंगाखालच्या पेटीतनं तांब्या काढला, धुतला, पाणी भरून दिला. सुष्मीनं दोन्ही हातांनी धरून घोटभर पाणी घेतलं आणि ते पोटात राहिलं. मग त्या तांब्यातनंच पाणी चालू झालं. एकदा अशक्तपणानं तिच्या हातातनं तो सुटला, उंबऱ्याच्या दगडावर आपटला आणि पोटाला पोचा पडला. "जाऊ दे," काकू म्हणाल्या, "लग्नाआधी ठोकून घिऊ."

हे सगळं मला नंतर कळलं. काकांना तर तेव्हाही माहीत नव्हतं. ते दुकानात असायचे.

मग दवाखान्यात नेलं. डेंग्यू म्हणाले. पेशी उतरत गेल्या. रक्तासाठी गल्लीतली पोरं रांग लावून उभी होती. आणि सुष्मी गेली.

लिंगायत समाजाच्या रिवाजाप्रमाणं तिला बसती करून, तिच्या गळ्यातलं इष्टलिंग तिच्या हातात देऊन, नदीकडच्या रुद्रभूमीत मातीत ठेवलं. सोमशेखर आला होता. कोपऱ्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला. पुढं त्याचं दुसरीकडं लग्न झालं. काकूंना कुणीतरी भीतभीत ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं ते बरं झालं. पोरगं चांगलं हाय." पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

लग्नाची भांडी परत पेटीत गेली, पण तिथंच पडून राहिली नाहीत. दर सोमवारी काकू ती काढायच्या आणि चिंच, रांगोळी लावून उजळायच्या. घागर सोन्यासारखी दिसायची. तांब्याला मात्र चिंच लावायच्या नाहीत. कोरड्या फडक्यानं वरच्यावर पुसायच्या आणि ठेवून द्यायच्या. तो काळवंडत चालला होता. एकदा मी म्हटलं, "काकू, ह्याला पण लावा की." तर म्हणाल्या, "त्येला नगं. घासलं की निघून जातंय." काय निघून जातंय, ते मी विचारलं नाही.

काकांना ते बघवत नसे. सोमवारी दुपारी जेवायला आले की पितळेकडं पाठ करून बसायचे. मुलगी गेल्यापासून त्यांनी तिचं नाव घरात घेतलं नव्हतं. काकूंनी घेतलं तर उठून जायचे. काकू मला म्हणायच्या, "ह्यास्नी काय बी न्हाय बघ. दगड हाय माणूस."

एकोणीसचा महापूर आला, कोरोना आला, पुन्हा एकवीसचा पूर आला. दिवस जातात तसे गेले.

दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या मठातली जुनी घंटा तडकली. नवी ओतायची ठरली आणि मठानं सगळ्यांना सांगितलं, घरात पडून असलेलं पितळ द्या. लोकांनी दिलं. त्याच आठवड्यात काकू भाच्याच्या मुलाच्या बारशाला नेसरीला गेल्या होत्या. काकांनी पेटी ओढली आणि होतं ते सगळं मठात नेऊन दिलं.

काकू एसटीनं परत आल्या. पिशवी खाली ठेवली, पाय धुतले. काकांनी चहा केला होता. तोच मुळात नवीन प्रकार. मी भिंतीपलीकडून ऐकत होते असं नाही, पण ऐकू आलं.

"ती भांडी मी घंटंला दिली."

"कंची?"

"ती. पेटीतली."

मग काका म्हणाले, "देवाच्या कामाला लागली. पलंगाखाली सडण्यापेक्षा बरं. दर सोमवारी त्येच काढायचं, त्येच बघायचं, त्येच घासायचं. पितळ हाय ते, शिवगंगा. पितळ काय आपली पोरगी हाय?"

काकू आमच्या दारात आल्या. अंगावर प्रवासाचंच लुगडं. "पूर्णिमा, गाडी काढ."

घंटा ओतायला उद्यमनगरात आकाराम ओताऱ्याकडं दिली होती. मी काकूंना मागं बसवून नेलं. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीचा जाळ शांत झाला होता, पण आत पाऊल टाकलं की तोंडावर ऊन आल्यासारखं वाटत होतं. आकाराम पन्नाशीचा माणूस, दंडावर भाजल्याचे जुने डाग. काकूंनी सांगितलं, आमच्या मालकांनी चुकून दिलंय, माझा एक तांब्या तेवढा परत द्या, बाकीचं राहू दे.

त्यानं डोक्याला हात लावला. "मावशी, सकाळीच वतलं की वो."

"समदं?"

"समदं न्हाय. जादा झालं तेवढं कोपऱ्यात हाय. बघा, त्यात घावतोय का."

कोपऱ्यात फोडलेल्या भांड्यांचा ढीग होता. पराती मधनं कापलेल्या, घागरी चेपलेल्या. काकू खाली बसल्या आणि एकेक तुकडा उचलून उजेडाकडं धरायला लागल्या. मीही बसले. एका तुकड्यावर 'कै. तानाबाई यांच्या' एवढंच होतं, पुढचं दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं. एका पातेल्याच्या काठावर 'चि. सौ. कां.' होतं. एका कळशीवर नाव, खाली साल, एकोणीसशे एकसष्ट. किती घरांतल्या बायकांची नावं होती. काकू प्रत्येक नाव वाचून तुकडा हळूच बाजूला ठेवायच्या, फेकायच्या नाहीत. घागरीचा एक कान सापडला, तो त्यांच्या घागरीचा असेल नसेल. तांब्या नव्हता.

साच्यातली घंटा अजून गार व्हायची होती. बाहेरनं नुसता मातीचा मोठा उंचवटा दिसत होता. आकारामनं तिकडं बोट केलं.

"ह्यातच हाय, मावशी. कुठं जातोय? पितळ काय मरत न्हाय."

"ह्यात कुठं?"

"कुठं म्हंजे..." त्यानं मान खाजवली. "समद्यात मिसळला असंल की. सगळीकडं हाय म्हणायचं."

"सगळीकडं म्हंजे कुठंच न्हाय की रे बाबा," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "माझा तांब्या पाणी प्यायचा हुता. हातात धरायचा हुता. ह्येला मी कुठं धरू?"

आकारामनं आत जाऊन एक ओबडधोबड गोळा आणला. साच्यात ओतताना तोंडाशी जादा राहिलेलं पितळ होतं ते, अजून कोमट. कापडात गुंडाळून काकूंच्या हातात दिलं. "त्याच मुशीतलं हाय. ह्यात बी असंल थोडा."

काकूंनी तो गोळा मांडीवर ठेवून आणला. उतरताना मला म्हणाल्या, "हे काय हाय गं, पूर्णिमा? कुणाचं हाय हे?"

त्यानंतर त्या काकांशी बोलेनात. भाकरी वाढायच्या, पाणी द्यायच्या, बोलायच्या नाहीत. तव्याशी बोलणंही बंद झालं. भिंतीपलीकडनं नुसता थापण्याचा आवाज यायचा.

घंटा मठात टांगली. पहिल्या आरतीला गल्ली लोटली होती. काकू आल्या, मागं उभ्या राहिल्या. घंटा चांगलीच वाजली, आवाज पार नदीपर्यंत जावा असा. मला वाटलं, आता त्यांना भरून येणार. घरी येताना मी विचारलं तर म्हणाल्या, "मी लई कान दिऊन ऐकलं. घंटाच वाजत हुती. दुसरं काय न्हाय."

काकांनी मग जे केलं ते कुणाला न सांगता केलं; मला ते पुढं कळलं. एक दिवस दुकान बंद ठेवून त्यांनी तो गोळा उचलला आणि आकारामकडं गेले. बाजारातनं तसल्याच घडणीचा तांब्या घेऊन गेले होते. त्याचा साचा घ्या, हा गोळा वितळवा, कमी पडेल तेवढं त्या ढिगातलं घाला आणि अगदी असाच ओतून द्या. आकाराम म्हणाला, पावणं, असली कामं मी करत नाही. पण केलं. कातून गुळगुळीत केला. मग काका तो नाव घालायला घेऊन गेले आणि नाव घालणाऱ्याला त्यांनी कागदावर काढून दाखवलं, आधी स, मग त्याच्यावरच ष. तो माणूस म्हणाला, हे चुकीचं दिसतंय. काका म्हणाले, चुकीचंच पाहिजे.

तो तांब्या घेऊन ते घरी आले तेव्हा मी काकूंकडं भाकऱ्यांची ऑर्डर सांगायला गेले होते. त्यांनी तो काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

काकू बघत राहिल्या. उचलला. नावावरनं बोट फिरवलं, बिघडलेल्या अक्षराशी ते थांबलं. चेहरा उजळला, खरंच उजळला. मला क्षणभर वाटलं, मिळाला. मग त्यांनी तो फिरवला आणि पोटाच्या पोच्यावर त्यांचा अंगठा गेला.

"ह्यो पोचा कुणी पाडला?"

"आकारामनं. हातोड्यानं." काका म्हणाले. "त्येला हुता तसाच. मी ध्यानात ठिवला हुता, हितं हुता न्हवं?"

"हितंच हुता."

काकूंनी तांब्या मांडीवर घेतला. "त्यो सुष्मीच्या हातनं पडला हुता. तापात. उंबऱ्यावर." काकांनी उंबऱ्याकडं पाहिलं. "पानी पीत हुती त्यातनं. तुमच्या स्टीलला वास येतोय म्हनली. मी धरला हुता खालनं, तिनं वरनं. तरी सुटला." मग तांब्या हातात फिरवत, "ह्यो बी चांगला हाय. लई चांगला केलाय. पर ह्येला तिनं हात लावला न्हाय वो."

काका तिथंच खाली बसले. टोपी काढली. "मला म्हाईत न्हवतं," म्हणाले. "मला कुणी सांगितलंच न्हाय." आणि रडायला लागले. दवाखान्यात नाही, रुद्रभूमीत नाही, आता. मी उठायला लागले तर काकूंनी माझा हात धरून बसवलं. बहुतेक त्यांनाही एकटीला ते बघणं जमलं नसतं.

रडत रडतच ते बोलले. इतकी वर्षं दर गुरुवारी दुकान उघडायच्या आधी ते रुद्रभूमीत जायचे. तिथं त्यांनी बेलाचं रोप लावलं होतं, डोक्याशी दगड ठेवला होता. एकोणीसच्या पुरात रोप गेलं. एकवीसच्या पुरानं एवढा गाळ आणून टाकला की दगडही गेला, आजूबाजूच्या दगडांच्या खुणाही गेल्या. "आता जातोय, हिकडं बघतोय, तिकडं बघतोय. नक्की कुठं, ते कळत न्हाय. अंदाजानं बसतोय आन येतोय. तुला तुझा तांब्या तरी हुता, शिवगंगा."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"काय सांगू? पोरगी हरवली म्हनून सांगू?"

दुसऱ्या दिवशी ते दोघं मिळून तिकडं गेले. जाताना काकूंनी नव्या तांब्यात पाणी भरून घेतलं होतं. परत आले तेव्हा रस्त्यातनंच त्यांचं भांडण ऐकू येत होतं आणि अख्खी गल्ली दारात आली, कारण इतक्या दिवसांनी काकूंचा आवाज लागला होता. भांडण जागेवरनं होतं. काकू म्हणत होत्या, पिंपळाच्या अलीकडं. सुष्मीला माती देताना पिंपळाची सावली आपल्या पायावर आलेली त्यांना आठवत होती. काका म्हणत होते, अलीकडं नाही, पार कुंपणाकडं. "मी दर गुरुवारी जात हुतो!" "तुमी जात हुता, पर मी आई हाय की!"

"मग पाणी कुठं घातलं?" मी विचारलं.

"दोन्हीकडं," काका म्हणाले. "निम्मं हिच्या जाग्यावर, निम्मं माझ्या. मधी बसलो दोघं."

त्या दिवसापासून त्या घरात सुष्मीचं नाव निघायला लागलं. भिंतीपलीकडनं मला अशा गोष्टी ऐकू यायच्या ज्या मलाही माहीत नव्हत्या. लहानपणी ती दुकानातल्या गुळाच्या ढेपेला पाठीमागनं भोक पाडून खायची, ते काका सांगत होते. काकू म्हणत होत्या, शेंगदाण्याच्या पोत्यात बसायची ते पण सांगा. कधी दोघांची आठवण जुळायची नाही, मग चढ्या आवाजात वाद. तो तांब्या माठाजवळ ठेवला होता. रोजच्या पाण्याचा झाला. काकू त्याला चिंच लावून घासायच्या, लखलखीत ठेवायच्या. त्याच्याशी त्या कधी बोलल्या नाहीत, पण वाईटही म्हणाल्या नाहीत.

गेल्या माघात काका गेले. दुकानातच, पोत्याला टेकून बसलेले. त्यांनाही त्याच रुद्रभूमीत ठेवलं, पण जागा बरीच लांब मिळाली, वरच्या अंगाला. तिकडं पुराचं पाणी पोचत नाही. कुणीतरी समाधान म्हणून ते काकूंना सांगितलं.

आता गुरुवारी काकूंना मी सोडते. आधी त्या काकांकडं जातात, विभूती लावतात, बेलपान ठेवतात. मग खाली येतात. पिंपळाच्या अलीकडची ती त्यांची जागा, जिच्यासाठी त्या एवढ्या भांडल्या, तिथं आता कुणी अडवायला नाही. तरी तिथं थांबत नाहीत. सरळ पुढं जातात, कुंपणाकडं, काकांनी दाखवलेल्या जागेवर, आणि गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसतात.

मागच्या गुरुवारी मी विचारलं, "काकू, तुमची जागा तर ती न्हवं का?"

"व्हय, तीच हाय," त्या म्हणाल्या. "त्येंचं चुकत हुतं. मला पक्कं ठावं हाय."

आणि जवळचं गवत उपटून जागा साफ करायला लागल्या.